बंदराबाहेरचे मसूर

माझे पती गेले तेव्हा जर्मनीत, एर्लांगेनच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, दीवची लढाई अर्धी मांडलेली होती.

ते वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर होते, पण वाचन सगळं समुद्राचं. दीवच्या बंदरात पोर्तुगीजांनी इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांना एकत्र हरवलं आणि आपल्याकडचा समुद्र पुढे कितीतरी काळ त्यांचाच झाला, हे त्यांना घरातल्या अपमानासारखं सलायचं. रविवारी ते आमच्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर ती लढाई खेळत. चलनातून गेलेल्या जुन्या जर्मन नाण्यांचा, फेनिगांचा किनारा, तूरडाळ म्हणजे पोर्तुगीज, अख्खे मसूर इजिप्तचे, मूग गुजरातचे. तूरडाळ मुलीची. खऱ्या लढाईत मसूर-मूग बंदरात नांगर टाकून बसले आणि वाऱ्याबरोबर आत शिरलेल्या पोर्तुगीजांनी त्यांना तिथेच गाठलं. शेवटच्या रविवारी ह्यांनी पहिल्यांदाच सगळी जहाजं बंदराबाहेर काढली. मुलीनं आपली चाल केली. पुढची ह्यांची होती, ती राहिली. त्याच आठवड्यात ऑफिसात त्यांचं हृदय थांबलं.

नंतर आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायचो. टेबलाला कुणी हात लावायचा नाही, असं मुलीनं सांगून ठेवलं होतं.

ह्यांच्या जाण्याची बातमी कळताच पुण्याहून आलेल्या सासूबाई तेराव्याच्या सकाळी टेबलापाशी थांबल्या.

"अगं, मसूर? आज घरात मसूर?"

"आई, तो ह्यांचा खेळ आहे."

"असू दे. श्राद्धाच्या अन्नाशेजारी मसूर चालत नाही. आणि माणसं जेवायची कुठं?"

"नाइन!" मुलगी मध्ये आली. "बाबा इस्ट ड्रान."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चाल बाबांची आहे, म्हणतेय."

त्या खुर्चीत बसल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "उडीद चालतात. वाटी आण. एक मसूर उचलायचा, तिथंच एक उडीद ठेवायचा. पाहुण्यांना ताटं मांडीवर देऊ."

दोघी कामाला लागल्या. आजी उचलायची, नात ठेवायची. "सावकाश, आजी." "सावकाशच करत्येय. तुझा बाप तरी कुठं घाईत होता, जन्मालासुद्धा उशिरा आला." मुलगी कितीतरी दिवसांनी हसली. सासूबाई पलीकडच्या दाण्यासाठी वाकल्या आणि त्यांचा पदर सगळ्या समुद्रावरून फिरला.

सगळी जहाजं एकमेकांत मिसळली. सासूबाई म्हणाल्या, सगळ्यात पुढचं जहाज इथं होतं. मी म्हटलं, नाही, किनाऱ्याजवळ. मुलीनं तिसरीच जागा दाखवली, मग बोट मागे घेतलं. इतके दिवस आम्ही तिघी त्या टेबलाच्या कडेनं वावरत होतो, आणि एकीलाही खात्री नव्हती.

मुलीनं स्वतःच सगळे दाणे वाटीत भरले. टेबल पुसलं. सासूबाईंनी त्यावर पानं मांडली, वडे, खीर. जेवायला आलेली माणसं हळू आवाजात भाड्याच्या घराचं आणि व्हिसाचं बोलत होती.

ती सगळी गेल्यावर मुलीनं विचारलं, मराठीत, "बाहेर जाऊन बाबा जिंकले असते?"

दीववर ह्यांच्याकडे होतं तेवढं सगळं मी वाचलं आहे. आत थांबलेल्यांचं काय झालं, ते सगळ्यांनीच लिहिलंय; बाहेर पडले असते तर काय, ते कुणीच नाही. मी तिला माहीत नाही म्हणाले. तिनं मान हलवली आणि वाटीतली आपली तूरडाळ वेगळी निवडायला बसली.