वाटेचा हुकूम आणि वऱ्हाड

वकिलीत मी जिंकलेला पहिला मोठा दावा एका शेतवाटेचा होता. माझ्या पक्षकार बाईंचं शेत पेठ वडगावजवळ. नवरा गेल्यापासून शेती आणि म्हशी त्या एकट्या बघायच्या. शेजारचा शेतकरी त्यांच्या शेतातून डांबरी रस्त्याला यायचा. गावातून जायचं तर लांबचा वळसा पडायचा. बाईंच्या नवऱ्यानंच त्याला पूर्वी जाऊ दिलं होतं. पुढं एकदा त्याचा ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरला. बाई बोलायला गेल्या, तर तो चारचौघांत म्हणाला, "बाईमाणसाला काय कळतंय शेतातलं?"

बाई तडक माझ्याकडं आल्या.

कोर्टात तो म्हणाला, वाट वहिवाटीची आहे. आम्ही म्हटलं, परवानगीनं वापरलेल्या वाटेवर हक्क लागत नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला, त्याला कायमची मनाई झाली. बाईंनी वाटेच्या तोंडाला, डांबरी रस्त्यालगत लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी वडगावात एका कामासाठी आले होते. दुपारी बाईंचा फोन आला.

"वकीलबाई, शेजाऱ्याच्या पोरीचं लगीन हाय आज. नेसरीकडनं वऱ्हाड आलंय. गावच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटलीया, मुंगी जाईना. सगळी माझ्या फाटकापुढं येऊन हुबी हायत, बँडासकट."

"आणि शेजारी?"

"पलीकडं त्याच्या बांधावर हाय. आत पाय टाकंना. म्हणतोय, वैनी, कोर्टाचा हुकूम हाय, मी मोडणार न्हाय. पर मुहूर्त जवळ आलाय. किल्ली माझ्या हातात हाय. उघडलं तर निकाल मोडतोय काय?"

"अजिबात नाही. परवानगी दिली म्हणून तुमचा हक्क जात नाही. तेच तर आपण कोर्टात मांडलं."

पलीकडं कुणीतरी ढोलावर उगाच टिपरी मारत होतं.

"ते कायद्याचं झालं. बरोबर काय, ते सांगा की. मला अजून राग हाय त्याचा."

हा प्रश्न आम्हा वकिलांना सहसा कुणी विचारत नाही. कॉलेजात असताना मिसळीच्या टेबलावर आम्ही यावर तासन्‌तास भांडायचो. लिहिलेल्या कायद्याच्या वर काही असतं का? मी तावातावानं म्हणायचे, नसतं. लिहिलंय तोच कायदा. पण इथं लिहिलेलं वाचून झालं होतं आणि बाई अजून किल्ली धरून उभ्या होत्या.

"हे बघा," मी म्हटलं, "तुमचा राग खरा आहे. त्यानं हक्क सांगून शेतात शिरू नये, म्हणून हा हुकूम आहे. पोरीचं लग्न अडावं म्हणून तो कुणी दिलेला नाही. तिनं तुमचं काय वाईट केलंय? मला विचाराल तर उघडा."

"मग तुम्हीपण या जेवायला," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी गाडी तशीच तिकडं वळवली. पोचले तेव्हा फाटक सताड उघडं होतं. पदर खोचून बाई पुढं आणि मागं सगळं वऱ्हाड. "पावणं, हरभऱ्यात पाय न्हाय टाकायचा! बांधाकडनं चला!" त्या ओरडत होत्या. बँडवाले एकामागं एक, वाद्यं डोक्यावर धरून निघाले होते. नवरदेव धोतर सावरत उड्या मारत होता. नवऱ्या मुलाची आई हरभऱ्याकडं बघतेय म्हटल्यावर बाईंनी स्वतःच डहाळा उपटून तिच्या हातात दिला.

बांधावर शेजारी हात जोडून उभा होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "वैनी, मी चुकलो. चारचौघांत बोललो हुतो, चारचौघांतच सांगतो."

"आधी जावई न्या मांडवात! मुहूर्त टळंल!"

सगळे हसत सुटले, बँड वाजायला लागला, आणि माझ्याही नकळत मी टाळ्या वाजवत चालले होते.

जेवताना तो बाईंना जिलेबी वाढायला आला. "ह्यापुढं कसं, वैनी?"

"निकाल हाय तसाच ऱ्हाणार. जायचं असलं की विचारायचं."

"आणि विचारल्यावर?"

"विचारून तर बघा!"

संध्याकाळपर्यंत ट्रॉली हलली, गावचा रस्ता मोकळा झाला. तरी पोरगी सासरी गेली ती शेतातल्या वाटेनंच. शालूत अवघडलेली ती स्वतः बाईंना विचारायला आली होती.