गच्चीवर न वाळलेले बिबडे

आदल्या वैशाखात धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरी बायको पोळ्या करता करता ओट्याला धरून खाली बसली आणि तिला उठताच येईना. दवाखान्यात सलाईन लावल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "त्या घरात पुढचा उन्हाळा नको." आमचं घर एकमजली, डोक्यावर उघडा स्लॅब. दिवसभर तो तापायचा आणि आम्ही अंथरुणावर पडलो की सगळी उष्णता आमच्या अंगावर सोडायचा.

माझ्या शालकाने जळगावच्या बाहेर, उन्हाळ्यातही गार राहते अशी जाहिरात असलेल्या एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. स्वतः तो पुण्यात. "दाजी, उन्हाळाभर राहून बघा," तो म्हणाला. "पटलं तर हाच तुम्ही घ्या, मी दुसरा पाहीन." देवपूरच्या घराला गिऱ्हाईकही होतं, दोन गल्ल्या पलीकडचंच. त्याला आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हो की नाही ते हवं होतं. तेवढ्या मुदतीत इमारत खरी की खोटी ते मला ठरवायचं होतं.

इमारतीचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. त्यात इमारत 'श्वास घेत होती', 'धरतीचं ऋण फेडत होती' आणि आणखीही पुष्कळ काही करत होती. माणसं त्यात राहतात याचा उल्लेख शेवटच्या पानावर सापडला. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. खानदेशात वरचा मजला कोण कोणाला प्रेमाने देतं?

आम्ही राहायला गेल्यावर आठवड्याने लोकार्पण झालं. कमी कार्बनच्या इमारतीच्या अंगणात मंडप होता, मंडपामागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता आणि व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे कूलर पाहुण्यांच्या तोंडावर वारा सोडत होते. बिल्डरचे चिरंजीव चैत्रात कोट घालून आले होते. प्रमुख पाहुण्यांनी झाड लावलं. खड्डा आधीच खणलेला होता आणि रोप काळ्या पिशवीसकट त्यात गेलं. फोटो झाल्यावर ते पिशवीसकटच बाहेर आलं.

शेजारी रावेरचे केळीचे व्यापारी राहत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या आईला अक्का. इमारतीची मांडणी मला भाऊंनी समजावली, पत्रकाने नाही. भिंती पोकळ विटांच्या आणि दुप्पट जाड. खिडक्यांना बाहेरून झडपा. खाली एक मोठं यंत्र, ते थोडी थोडी गार हवा सगळ्या घरांत सोडतं आणि प्रत्येकाच्या वेगळ्या एसीपेक्षा वीज कमी खातं म्हणे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात खिडकी उघडायची नाही, कूलर लावायचा नाही.

"केळी पिकवायची खोली पाह्यली का कधी?" भाऊंनी विचारलं. "हे तसंच हाये. जाड भित, दार बंद, गार हवा. चार दिवसात हिरवी केळी पिवळी."

"मग आपलं काय होणार?"

"आपण त पह्यलेच पिकेल!"

हे सांगून भाऊ आत गेले आणि त्यांनी खिडकीत बसवलेला कूलर चालू केल्याचा आवाज आला. नियम त्यांना समजला होता. पण कूलरच्या आवाजाशिवाय त्यांना उन्हाळा आल्यासारखं वाटत नव्हतं.

तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक पाटी होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत इमारतीच्या आतलं तापमान दिसे. सकाळ असो, दुपार असो, सव्वीस. तीन दिवस सव्वीस. आमच्या घरात लघवीला जाऊन आलं तरी अंगाला कमीजास्त कळतं, आणि हिला कळू नये? मी बाजारातून साधा तापमापक आणला आणि दुपारी पाटीखाली धरून उभा राहिलो. एकतीस. इमारतीच्या व्यवस्थापकाला बोलावलं. मुलगा मर्यादशील होता.

"काका, तो आकडा यंत्रातून निघणाऱ्या हवेचा आहे."

"मग तिथे 'आतलं तापमान' का लिहिलंय?"

"यंत्राच्या आतलं," तो म्हणाला.

मला फार समाधान वाटलं. एक लबाडी सापडली की बाकीच्या तिच्यामागे रांगेने येतात, असा माझा अनुभव आहे. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की गिऱ्हाइकाला नाही कळवतो. देवपूरच्या घरात एक एसी बसवू. ती नुसती भाजी निवडत राहिली. ती चिडली की भाजी जास्त निवडते.

पुढचा संशय गच्चीचा. जिन्यात कागद लागला होता : 'गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे.' खानदेशात चैत्रात गच्चीवर वाळवण घालू नका म्हणजे विहिरीवर पाणी भरू नका म्हटल्यासारखं. वर नक्की काहीतरी लपवलं असणार. माझ्या डोळ्यांसमोर एसीची भलीमोठी खोकी आली, शंभर घरांची वीज खाणारी.

अक्कांना मात्र कागदाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे होते. ज्वारी भिजवून, भरडून झाली होती. पहाटे त्यांनी आणि माझ्या बायकोने तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात ती शिजवली. बायको धरणगावची, तिकडेही बिबड्यांशिवाय उन्हाळा सरत नाही. बिबडे थापायला ओली धोतरं आणि पातेलं घेऊन दोघी वर गेल्या. पातेलं धरायच्या निमित्ताने मीही गेलो.

वर काहीच नव्हतं. पाण्याच्या टाक्या आणि सगळीकडे पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेली जमीन. डोळे दिपत होते. मी टाक्यांच्या मागेही पाहून आलो.

बिबडे थापून झाले. आमच्याकडे सकाळी थापलेला बिबडा दुपारी कडा सोडू लागतो आणि उन्हं कलताना धोतराला मागून पाणी लावून काढता येतो. दुपारी एकला अक्का पाहायला वर गेल्या, मागोमाग मी. वारा लाह्या भाजल्यासारखा होता. अक्का चपला न घालता गच्चीच्या मध्यभागी उभ्या होत्या. चटके बसून नाचत नव्हत्या. मीही चपला काढल्या. पाय ठेवता येत होता.

"ह्या गच्चीले झालं काय?" अक्कांनी बिबड्यावर बोट दाबलं. बोट रुतलं. "खालून धगच लागत नाही. रावेरले आतापर्यंत अर्धे निघाले असते."

संध्याकाळपर्यंत बिबडे कातड्यासारखे लिबलिबीत. दुसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास आला. अक्का, माझी बायको आणि खालच्या मजल्यावरच्या तिघी मिळून व्यवस्थापकाकडे गेल्या.

"असली गार गच्ची केली कशाले?" अक्कांनी विचारलं. "आता बिबडे काय तुह्या डोक्यावर वाळवू?"

बिचाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जाहिरात खोटी निघाल्याच्या तक्रारी त्याने पुष्कळ ऐकल्या असतील. खरी निघाल्याची ही पहिलीच. पांढरी फरशी ऊन परत पाठवते, म्हणून खालचं घर तापत नाही आणि म्हणूनच ती झाकायची नाही, हे त्याने तेव्हा सांगितलं. कागदावर तेवढंच लिहिलं असतं तर मी टाक्यांमागे गेलो नसतो.

माझा एक संशय खरा ठरला होता, एक साफ पडला होता. तिसरा राहिला : वीज गेली तर काय? तेही लवकरच कळलं. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी दोनला वीज गेली ती पाचला आली. खालचं यंत्र बंद. मी हातात तापमापक घेऊन खुर्चीत बसलो, पारा किती पळतो ते पाहायला. तीन तासांत तो दीड अंश चढला. बायको समोर गाढ झोपली होती. देवपूरला एप्रिलपासून पुढे ती दुपारी झोपल्याचं मला आठवत नाही. मी तापमापक खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन केला आणि घर देतो म्हणालो. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती : चांगलं घर विकायचं कशाला?

"आबा, इतलं चांगलं घर. मंग इकतस काबर?"

"तापतं फार."

"तपस तं बठ्ठं धुळं तपस. खरं सांगा. काही भानगड तं नही ना?"

मी स्लॅबबद्दल सांगितलं, डॉक्टरांबद्दल सांगितलं, भिंतीला ओल नाही, भाऊबंदकी नाही, कोर्टात काही नाही, हेही सांगितलं. जितकं सांगावं तितका तो सावध होत गेला. म्हणाला, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर म्हणजे नाहीच. शेवटी बायकोने हात पुसून फोन माझ्याकडून घेतला.

"दादा, त्या घरमा मी पडनू," ती म्हणाली. "माले आठे जळगावले झोप लागस. दुसरं काही नही."

मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही सांगतस तं खरं शे."

तिने फोन मला परत दिला. आता फक्त किल्ली कधी द्यायची ते बोलायचं राहिलं होतं.