बिनमिठाचा पाव

माझी मावशी बेकरीत भट्टीवर कामाला होती आणि स्वभावानेही तापटच, म्हणून आम्ही भाचरंडं तिला मागून ‘भट्टी’ म्हणायचो. हे तिच्या कानावर गेलं होतं. एकदा तिने मला सुनावलं, "भट्टी आहे म्हणून पाव खाताय, नाहीतर कोरडं पीठ फाकत बसला असतात."

चर्चमधल्या प्रभुभोजनाचा पावही तीच करायची, शनिवारी दुपारी, घरी. रविवारी त्याचे तुकडे ताटात ठेवून ताट बाकांवरून हातोहात फिरायचं. प्रत्येकाने देवाच्या क्षमेची खूण म्हणून एक तुकडा उचलून खायचा आणि ताट शेजाऱ्याकडे द्यायचं. मावशी ताट दोन्ही हातांनी घ्यायची आणि त्याच झटक्यात पुढे करायची. तुकडा कधीच उचलायची नाही. ज्यांच्या हे लक्षात येई ते म्हणत, बाई किती नम्र! नम्रपणाचा आणि मावशीचा काडीचा संबंध नव्हता. ती घाबरलेली होती, आपण त्या तुकड्याच्या लायकीचे नाही म्हणून.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काका, म्हणजे तिचे यजमान, तरुणपणी पीत असत. एका संध्याकाळी वैतागून तिने दाराला आतून कडी घातली. काकांनी दार बडवलं, हाका मारल्या, शेवटी रडलेसुद्धा. तिने कडी काढली नाही. मग ते मागच्या पाइपावरून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत चढायला गेले आणि खाली पडले. पाय वाकडा जुळला. काकांची दारू सुटली ती कायमची, आणि मावशीच्या जिवाची स्वस्थताही.

तेव्हापासून तिने काकांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. पाणी हातात, चपला पायाशी. काका पेला घ्यायला उठले की ही चुलीवरचं तसंच टाकून धावायची. शिवाय शेजारच्या आजारी म्हातारीचं सगळं काढायचं, चर्चची झाडलोट करायची, कुणाकडे मयत झाली की सगळ्यात आधी पोचायचं. लोक म्हणत, काय नशीब काढलंय माणसाने! पण ती चपला पुढे ठेवताना काकांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. आपला पाय रोज पुन्हा मोडतोय असा.

त्या बुधवारी मी त्यांच्याकडे मटार सोलत बसले होते. काका चहाचं आधण ठेवायला उठले. मावशीने त्यांच्या हातातून पातेलं हिसकावलं. आणि जन्मात आवाज न चढवणाऱ्या काकांनी टेबलावर हात आपटला.

"बस झालं! सोमवारी मी दादाकडे राहायला जातोय. कायमचा."

"अहो, माझं काय चुकलं?"

"हेच! इतकी वर्षं हेच विचारतेयस. अगं, मी तुला केव्हाच माफ केलंय. देवानेही केलंय. पण तुला ते फुकट नकोय. तुला ते फेडून हवंय, आणि फेडायला समोर मी लागतो, लंगडा."

"म्हणजे नुसता विश्वास ठेवला की झालं? मग कामं कुणी करायची? हात जोडून बसू?"

"कामं कर ना! पण माझ्यासाठी कर. स्वतःच्या सुटकेसाठी नको."

चर्चमधल्या नव्या पाळकांनीही मागे हेच समजावलं होतं. देव माणसाला नीतिमान ठरवतो तो कृपेने, आणि माणसाने ते विश्वासाने घ्यायचं असतं. चांगली कामं मागाहून येतात, झाडाला फळं येतात तशी. वाळलेल्या झाडाला फळं बांधली म्हणून ते जिवंत होत नाही. मावशी तेव्हा माझ्या कानात पुटपुटली होती, "यांनी कधी कुणाचा पाय मोडलेला दिसत नाही."

"रविवारी तो तुकडा खा," काका म्हणाले. "खाल्लास तर मी राहीन."

"म्हणजे तुम्हीही अटच घालताय."

"घालतोय. मी काही देव नाही."

दुसऱ्या दिवशी बेकरीत मावशीने भट्टीतला ट्रे ओल्या फडक्यांनी धरला. फडकं कोरडं हवं, ओल्यातून आच थेट हाताला लागते, हे तिने कित्येक नवख्या पोरींना शिकवलं होतं. पावांनी भरलेला ट्रे टाकवेना, म्हणून टेबलापर्यंत नेला. संध्याकाळी घरी आली ती दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या बांधून. मला तिची कीव आली आणि रागही, कारण आता रविवारी तुकडा उचलायला तिच्याकडे हातच नव्हते.

शनिवारी मी म्हटलं, बेकरीतून पाव आणते. पण काकांनी पिठाचा डबा खाली ओढला होता. मावशी दारात उभी राहून सांगू लागली, पाणी कोमट घ्या, जरा दम धरा, फुगू द्या.

"गप्प बस," काका म्हणाले. "आज तुला काहीही करायचं नाहीये."

तशी ती भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागली. भट्टीला रडताना मी प्रथमच पाहत होते. पाव झाला तो वर बसका, खाली करपलेला.

रविवारी घरातून निघताना काकांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. चर्चमध्ये मी, मग काका, मग मावशी, पलीकडे शेजारची एक बाई, असे आम्ही बसलो. ताट माझ्याकडून काकांकडे गेलं. त्यांनी आपला तुकडा घेतला आणि ताट मावशीसमोर धरून ठेवलं. तिचे पट्ट्यांतले हात मांडीवर होते. पलीकडच्या बाईने ताटाला हात लावला. काकांनी ते सोडलं नाही.

गीत संपलं. पेटी थांबली. पाळक वेदीपाशी उभे, पुढच्या बाकावरची डोकी वळलेली. भाजलेल्या बाईला चारचौघांत असं कोंडीत धरायचं? ताट हिसकावून घ्यावं असं मला वाटलं.

"अहो, पुढे द्या," मावशी दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही."

"मला उचलता येत नाही."

"माहितेय. मी भरवतो."

मग तिने कधीच उच्चारलं नव्हतं ते उच्चारलं. "मला तुमच्या हाका ऐकू येत होत्या. तरी मी दार उघडलं नाही."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "बाहेर मीच होतो ना. आता तोंड उघड."

मग मावशीने लहान पोरासारखं तोंड उघडलं आणि काकांनी तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. ती बराच वेळ चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिला हात नव्हते, ते काकांनीच पुसलं.

"मीठ विसरलात," ती म्हणाली. पुढचे दोन बाक हसले आणि ताट सरकलं.

बॅग त्याच दुपारी रिकामी झाली. हात बरे झाल्यावर पहिल्याच शनिवारी मावशीने परात पुढे ओढली. ही पुन्हा फेडायला तर लागली नाही ना, अशी मला धाकधूक होती, म्हणून मुद्दाम डिवचलं, "सगळं फुकट मिळालंय ना, मग आता कशाला राबतेस?"

"माणसांना पाव लागतो म्हणून," ती म्हणाली. मग बाहेर बघून हाक मारली, "अहो, मीठ द्या जरा."

काका खुर्चीतून उठले. लंगडत फळीपर्यंत जायला, बरणी काढायला, परत यायला त्यांना वेळ लागला. मावशी पिठात हात ठेवून वाट बघत बसली.