नऊ रकान्यांची यादी

दांडिया बाजारातली एक गल्ली मी दोन वर्षं टाळत होतो. तिकडे पाय वळला की ती घटना आठवायची. आजही आठवते आणि मान खाली जाते.

मी तेव्हा बडोद्यातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. मला याद्या करायची सवय आहे. सकाळी हजेरी झाली की दिवसाच्या कामांची यादी, संध्याकाळी उरलेल्या कामांची. हद्दीत एकटे राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची नोंद ठाण्यात ठेवतात, पण माझी यादी नऊ रकान्यांची होती. नाव, पत्ता, फोन, पूर्वीची नोकरी, मुलं कुठे, इथपासून कामवाली किती वाजता येते आणि जाते, इथपर्यंत. बरीचशी माहिती मी स्वतः घरोघर बसून, चहा पीत लिहून घेतली होती. वरिष्ठांनी बैठकीत ती यादी इतर ठाण्यांना दाखवली होती.

त्याच गल्लीत एक मराठी बाई आर्थिक नियोजनाचा व्यवसाय करत. आधी शाळेत गणित शिकवायच्या. दर शनिवारी सकाळी देवळाच्या हॉलमध्ये त्या ज्येष्ठांचा मोफत वर्ग घेत. ठेवीवर वारसाचं नाव कसं लावायचं, म्युच्युअल फंडात जोखीम कुठे असते, सही करण्याआधी कागदावरची कुठली ओळ वाचायची. वर्गाला येणाऱ्यांतले काही जण पुढे त्यांचे ग्राहक होत. जाहिरात म्हणाल तर एवढीच. आठ जणांवर सुरू झालेला वर्ग चाळिसावर गेला होता.

एकदा त्या वर्गाची सूचना ठाण्याच्या फळ्यावर लावता येईल का, हे विचारायला आल्या. मी कौतुकानं यादीची प्रत पुढे सरकवली.

"घ्या. दारोदार फिरायचं वाचेल."

त्यांनी पहिलं पान वाचलं आणि कागद परत ठेवला. "साहेब, हे लोकांनी पोलिसांना सांगितलंय, मला नाही. मी आपली दारं वाजवीन."

मला ते लागलं होतं. पुढे जे केलं त्यात त्याचा वाटा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

काही महिन्यांनी ठाण्यात ओळीनं तीन तक्रारी आल्या. पद्धत एकच. पेन्शनचा हयातीचा दाखला घरी येऊन करून देतो, असा फोन. मग गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस दारात, नेमका कामवाली गेल्यावर. मोबाइलवर आलेला आकडा तो गोड बोलून विचारून घेई, आणि दुसऱ्या दिवशी आयुष्यभराची ठेव मोडलेली असे.

खबर फोनवरून आली. देणारा एक गुंतवणूक सल्लागार, माझ्या ओळखीचा. हा हॉटेलात जेवणासकट सभा घेऊन ग्राहक जमवायचा.

"साहेब, तिघेही त्या बेनच्या क्लासचे आहेत. चेक करी लो. फुकटात कोण शिकवतं?"

तपासलं. तिघेही खरोखर त्या वर्गाचे निघाले. माझा जुना हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, अर्धा दांडिया बाजार त्या क्लासला जाय छे. तीन तर निघणारच ने." मी त्याला गाडी काढायला सांगितलं.

स्त्रीचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो, हे मला पाठ होतं. महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतली, घर मात्र टाळलं. शनिवारी वर्ग भरलेला असताना हॉलमध्ये गेलो. चार माणसांत विचारलं की माणूस लवकर मोडतो, असा माझा अनुभव होता. इथे चाळीस होते.

"या तिघांची माहिती तुमच्याकडून कुणाला गेली?"

"माझ्या वहीत फक्त नावं आहेत, साहेब."

"मुलं कुठे असतात, घरी कोण केव्हा असतं, ठाऊक नाही तुम्हाला?"

"ते तुमच्याकडे आहे. मी घेतलं नव्हतं."

मला तो उद्धटपणा वाटला. हजेरीची वही आणि लॅपटॉप जप्त केला. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "चल गं, उगाच आपलं नाव यायचं." त्यांच्यामागे सगळी रांग उठली. बाई खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या. त्या मोडल्या नाहीत. त्यांचा व्यवसाय मोडला. पुढच्या शनिवारी वर्गाला दोन माणसं होती आणि महिनाभरात बहुतेक ग्राहक आपापले कागद परत घेऊन गेले. लॅपटॉपमध्ये काही सापडलं नाही.

चौथी तक्रार पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका काकांची. ते त्या वर्गाला कधी गेलेच नव्हते. जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी बसलो होतो.

"गंमत म्हणजे तो लेकाचा मला सारखा मेजरसाहेब म्हणत होता," काका म्हणाले. "मी जन्मभर पालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. पैसे गेले, पण बढती मिळाली."

मला हसू आलं नाही. काकांच्या डोक्यावर भिंतीवर त्यांच्या वडिलांचा संस्थानी फौजेतला फोटो होता, चेहरा हुबेहूब काकांचा. वर्षभरापूर्वी मी याच खुर्चीवर बसलो होतो. काका चहा करायला आत गेले, तेवढ्यात फोटो बघून मी रकाना भरला होता: निवृत्त मेजर. विचारलं नव्हतं. ती चूक फक्त माझ्याच यादीत होती.

मग आठवलं. त्या सल्लागाराच्या हॉटेलातल्या सभेला मी प्रमुख पाहुणा होतो. शाल, नारळ, फोटो. 'जनजागृतीसाठी' त्याने यादी मागितली आणि बाईंनी नाकारलेली तीच प्रत मी त्याला दिली.

त्याला ठाण्यात बोलावलं. तो घाबरलेला नव्हता. "मी तर सभेची आमंत्रणं द्यायला फोनवाल्या एजन्सीला दिली. अने साहेब, यादी तर तुम्हीच दिली ने?"

हेड कॉन्स्टेबल खिडकीबाहेर बघत राहिला.

एजन्सीतून काम सोडून गेलेल्या दोघांचा माग काढला. वाघोडियात एका भाड्याच्या खोलीत ते सापडले. पंचनाम्यात पहिली वस्तू माझी यादी, नऊच्या नऊ रकाने. तपासाच्या कागदांत मी लिहिलं, 'सदर यादी जनजागृतीसाठी देण्यात आली होती.' कुणी दिली, ते लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

लॅपटॉप आणि वही परत द्यायला बाईंच्या घरी गेलो. चूक झाली, असं म्हणालो.

"हॉलमध्ये चाळीस माणसं होती, साहेब. इथे मी एकटीच आहे."

त्या काय मागत होत्या ते मला कळलं. पुढच्या शनिवारी गेलो नाही. गणवेशात बरं दिसणार नाही, असं स्वतःला सांगितलं. माझ्या रोजच्या यादीत 'हॉल' हा शब्द दोन वर्षं होता. रोज संध्याकाळी मी तो उद्याच्या यादीत उतरवून घेत असे.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका शनिवारी गेलो. अकरा माणसं होती. बाईंनी मला पाहिलं आणि खडू खाली ठेवला. मी उभं राहून सगळं सांगितलं: यादी माझी, ती बाहेर दिली मी, बाईंनी ती घ्यायला नकार दिला होता, आणि हे ठाऊक असताना मी त्यांना याच जागी उभं केलं. मागच्या बाकावरून, आता वर्गाला येऊ लागलेल्या त्या काकांचा आवाज आला, "बसा आता. मेजरची परवानगी आहे."

नोकरीत मी शेकडो लोकांकडून माहिती काढली आणि ती काढता येते याचा तोरा मिरवला. लोक पोलिसाला घरातलं सांगतात ते सांभाळायला, हे मला एका गणिताच्या बाईंकडून शिकावं लागलं. त्याची किंमतही त्यांनीच भरली. उठून गेलेल्यांपैकी बरेच जण अजून परतलेले नाहीत, आणि त्यांच्या दारोदार जाऊन हेच सांगणं आता माझ्या यादीत आहे. आतापर्यंत सहा दारं झाली.

त्या दिवशी वर्ग संपताना हजेरीची वही माझ्यापर्यंत आली. सवयीनं मी नावापुढे पत्ता लिहायला लागलो.

"नाव पुरे," बाई म्हणाल्या.

वहीत एकच रकाना होता.