कापराचा वास लागलेली दहाची नोट

काल बायकोच्या डब्यातून कापराचा वास लागलेली दहाची नोट निघाली, अन् द्वारका चौकातलं ते पूजासाहित्याचं दुकान आठवलं. दुबईत एकट्या राहणाऱ्या लेकीला पैसे धाडायचे होते. दुकानदारानं ही नोट हातात ठेवली अन् म्हणाला, "बँक लय कापते, बाबा. लेकीचा पत्ता द्या. तिला या नोटेचा नंबर कळवा, तिनं तो सांगितला की आमचा माणूस घरपोच रोख देईल." बायको म्हणाली, "अहो, पोरीचं दार कुणाला दाखवताय?" मी तिला गप्प केलं. दुसऱ्याच दिवशी पैसे पोचले, पुरे पोचले. आठवड्यानं लेकीचा दबक्या आवाजात फोन आला, "आई, तो माणूस परत दारात उभाय. पुन्हा पैसे तर धाडले नाहीत ना तुम्ही?" बायको ओरडली, "कडी लाव!" लेकीनं पुढं घर बदललं. तरी बायको मरेपर्यंत फोनवर आधी कडीचंच विचारायची. आता मी विचारतो.