अण्णांनी पाहिलेली एकच शर्यत

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत शिट्टी घेऊन मागं पळणारा पंच नसतो. हे माझ्या थोरल्या भावानं, दादानं, मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि तो चितेगावच्या एका कारखान्यात नुकताच इंजिनिअर म्हणून लागला होता. कारखान्यातल्या काही अधिकाऱ्यांनी मिळून पैठणच्या धरणाच्या पाण्यावर एक छोटा क्लब काढला होता. क्लब म्हणजे काठावर पत्र्याची शेड, मोजक्या फायबरच्या डिंग्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्या, आणि नौदलातून निवृत्त झालेले एक साहेब. ते कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि रविवारी आम्हाला वारा ओळखायला शिकवायचे.

डिंगीत दोघं लागतात. एकानं मागं बसून सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायचं, दुसऱ्यानं पुढचं छोटं शीड बघायचं आणि होडी कलली की तिच्या काठावर बसून अंग बाहेर झोकून द्यायचं. दादाला जोडीदार मिळेना. त्याच्या खात्यातले लोक एक तर वजनानं भारी, नाहीतर रविवारी दुपारपर्यंत झोपणारे. मग त्यानं मला नेलं. आई म्हणाली, "पोरीनं पाण्यात जाऊन काय करायचंय?" आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ दे की. पोहता येतंय तिला."

स्वतः मात्र ते कधी आले नाहीत. आमचं गाव त्याच पाण्याखाली गेलं होतं. गोदाकाठची काळी जमीन, मोटेची विहीर, सगळं. धरण झालं, गाव उठलं आणि आम्ही शहरात गारखेड्यात घर बांधून राहायला आलो. अण्णा कामाला पैठणला जायचे, पण धरणाच्या बाजूला वळायचे नाहीत. त्याबद्दल त्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. नुसते वळायचे नाहीत.

घरी मात्र आमच्या खेळात त्यांचं लक्ष असायचं. जेवणं झाली की दादा फरशीवर काडेपेट्या मांडून मला नियम शिकवायचा. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीचा हक्क पहिला, डावीकडून वारा घेणारीनं वाट द्यायची. मागून येणाऱ्या होडीनं पुढच्या होडीपासून दूर राहायचं. पाण्यात खुणेला ठेवलेल्या बोयाजवळ वळताना आतल्या बाजूच्या होडीला जागा सोडायची. अण्णा खुर्चीतून बघत असायचे. गावात बांधावरून भांडण झालं की लोक त्यांनाच बोलवायचे, त्यामुळं हक्काची आणि वाटेची भाषा त्यांना लगेच कळायची.

"अन् भांडण झालं तर?" एकदा त्यांनी विचारलं.

"तर होडीवर लाल फडकं लावायचं आणि काठावर आल्यावर साहेबांपुढं उभं राहायचं," दादा म्हणाला.

"साक्षीदार?"

"असला तर आणायचा."

"अन् नसला तर?"

"मग आपलं आपण खरं सांगायचं. आपण नियम मोडला असेल तर कुणी न सांगता शिक्षा घ्यायची, नाहीतर शर्यत सोडायची."

अण्णा खो खो हसले. "असं कोण सांगतंय रे? मी जन्मात असा एक माणूस पाहिला नाय." पण त्यांना ते आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना त्यांनी कौतुकानं सांगितलं की आमच्या पोराच्या खेळात पंचच नसतो.

दोन हिवाळे असे गेले. हिवाळ्यात आमच्याकडं उगवतीचा वारा धरून सुटतो, पाणीही भरपूर असतं, त्यामुळं मोठ्या शर्यती तेव्हाच व्हायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी जाहीर केलं की या वेळी जी जोडी पहिली येईल, तिला क्लबतर्फे हैदराबादच्या शर्यतींना पाठवायचं.

हैदराबाद म्हटल्यावर अण्णा ताठ बसले. ते निजामाच्या राज्यात तिथं राहून शिकले होते, उर्दूतून. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत आजोबांनी त्यांना गावी बोलावून घेतलं आणि शिक्षण तिथंच तुटलं. त्यानंतर ते पुन्हा कधी तिकडं गेले नव्हते. दादा म्हणाला, "आम्ही जिंकलो तर तुम्ही पण चला आमच्याबरोबर. तुमचं होस्टेल दाखवा आम्हाला."

"आता काय राहिलं असंल तिथं," अण्णा म्हणाले. पण चहा पिऊन झाल्यावर पुन्हा त्यांनीच विषय काढला, "तुमची ती शर्यत कधी हाय म्हणालास? येतो मी बघायला."

दादा माझ्याकडं बघत राहिला. अण्णांनी पाण्यावर यावं असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं, पण म्हणायची हिंमत झाली नव्हती.

त्या रविवारी अण्णांनी इस्त्रीचा कोट घातला. साहेबांच्या जीपमधून आम्ही गेलो. काठावर उतरल्यावर ते बराच वेळ कपाळावर हात धरून पाण्याकडं बघत उभे राहिले. कुठं काय बुडालं असेल ते शोधत असावेत असं मला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "पाणी लई हाय." साहेबांनी त्यांना उंचवट्यावर खुर्ची दिली, गळ्यात स्वतःची दुर्बीण अडकवली आणि तीन बोये दाखवले. बोये म्हणजे नारिंगी रंग दिलेली प्लॅस्टिकची पिंपं, तळाला दगड बांधून तरंगत ठेवलेली. त्यांना ठरलेल्या क्रमानं वळसे घालत फिरायचं होतं.

शर्यत चुरशीची झाली. एका बँकेतले दोन तरुण अधिकारी सुरुवातीपासून आमच्या पुढं होते. वाऱ्याच्या तोंडावर जाताना दादानं त्यांना हळूहळू गाठलं. शेवटच्या बोयाला आम्ही आतल्या बाजूनं पोचलो. जागा जेमतेम होती. दादा ओरडला, "सोड!" मी खाली वाकून पुढच्या शिडाची दोरी सोडली, दुसऱ्या बाजूची ओढली. मान वर केली तेव्हा बोया मागं गेला होता आणि बँकवाल्यांची होडी आमच्या बाहेरून मागं पडत होती. तिथून शेवटच्या रेषेपर्यंत आम्ही पहिलेच राहिलो.

काठाला लागलो, होडी ओढून वर घेतली, मागोमाग बाकीच्याही लागल्या. साहेब, बँकवाले, क्लबातली सगळी मंडळी शेडपाशी चहा घेत होती. अण्णा उंचवट्यावरून जवळजवळ पळत खाली आले. मी त्यांना असं पळताना कधी पाहिलं नव्हतं. ते सरळ साहेबांपाशी गेले आणि दोन्ही हातांनी होडीचा आकार करून दाखवायला लागले.

"साहेब, पाहिलं का? बैलजोडी बांधाच्या दगडाला घासून वळवावी तशी वळवली पोरानं! शिडाचा तो आडवा दांडा असा चाटून गेला, ते पिंप पार डोलायला लागलं! पण गडी थांबला नाय!"

बोयाला होडीचा कुठलाही भाग लागला तर त्या बोयाला पुन्हा एक पूर्ण वळसा घालावा लागतो, नाहीतर शर्यत सोडावी लागते. हा नियम तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होता. फक्त अण्णांना माहीत नव्हता. फरशीवरच्या काडेपेट्यांमध्ये आम्ही होड्याच मांडायचो. बोयाला लागलं तर काय, हे त्यांच्यासमोर कधी निघालंच नव्हतं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "हे पाहा," ते शांतपणे म्हणाले, "घरच्या माणसाच्या सांगण्यावरून आपल्याला तक्रार घेता येत नाही. तसा नियमच आहे. बँकवाल्यांनी काही पाहिलं?"

ते दोघं म्हणाले, "नाही साहेब. आमच्या आणि बोयाच्या मध्ये यांचं शीड होतं."

मग साहेब माझ्याकडं वळले. मी खरं तेच सांगितलं, की मी खाली वाकले होते, मला काही दिसलं नाही.

"मग प्रश्न फक्त तुझा आहे," साहेब दादाला म्हणाले. "तुला धक्का जाणवला का?"

दादाच्या केसांतून पाणी गळत होतं. तो अण्णांकडं बघून म्हणाला, "अण्णांनी पाहिलं ना? मग झालं. मी माघार घेतो."

"तसं नाही चालत. तुला जाणवलं का, एवढंच मी विचारतोय."

"माघार घेतो म्हणालो ना साहेब." आणि तो शिडं उतरवायला निघून गेला.

अण्णा माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "काय झालं गं? मी काय वाईट बोललो का?"

साहेबांनी जीपनं आम्हाला घरी सोडलं. घराच्या फाटकाशी उतरल्यावर दादानं एकच वाक्य म्हटलं, "अण्णा, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" अण्णांनी कोटाचं बटण काढता काढता हात थांबवला. मग ते बटण काढलं.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर अण्णांनी मला समोर बसवून तो नियम विचारला. मी सांगितला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "नियम बरोबर हाय. पण मी तोंड उघडलं नसतं तर ते पोरगं जिंकलं असतं, व्हय ना?" मी परोपरीनं सांगितलं की तुमच्या बोलण्याला नियमात काही जागाच नव्हती, साहेबांनी तसं स्पष्ट म्हटलं होतं, दादानं आपणहून माघार घेतली. त्यांना ते पटलं नाही. "माझ्यामुळंच घेतली ना?" एवढंच ते म्हणत राहिले.

पुढं जे घडलं ते मला बऱ्याच महिन्यांनी साहेबांकडून कळलं. अण्णा एकटे एस.टी.नं चितेगावला गेले होते. कारखान्याच्या फाटकावर साहेबांना बाहेर बोलावून म्हणाले, "साहेब, माझी नजर आता अधू झालीय. त्या दिवशी मला नीट दिसलं नव्हतं. बोया हललाच नसंल. तुम्ही निकाल बदला." साहेब मला म्हणाले, "मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही गं. मी म्हटलं, निकाल तुमच्या मुलानं दिलाय, मी नाही. तर म्हणाले, मग त्याला तरी सांगा, की म्हाताऱ्याला दिसत नाही."

अण्णांची नजर चांगली होती. चष्म्याशिवाय पेपर वाचायचे. ज्या माणसानं बांधाच्या भांडणात सख्ख्या चुलतभावाच्या विरुद्ध कौल दिला होता, तो पोरासाठी खोटं बोलायला कारखान्याच्या फाटकावर गेला होता. साहेबांनी हे दादाला सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

हैदराबादला बँकवाले गेले. दादा त्यानंतर पाण्यावर आलाच नाही. मी काही दिवस दुसऱ्या एका मुलीबरोबर जात राहिले, पुढं माझं लग्न ठरलं आणि पाण्यावर जाणंही सुटलं. दादानं मस्कतला नोकरी धरली. दोन वर्षांतून एकदा यायचा, सगळ्यांसाठी कपडे आणायचा. अण्णांशी तब्येतीचं बोलायचा, उन्हाळ्याचं बोलायचा. भांडण असं नव्हतंच. दोघं एकमेकांशी फार जपून बोलायचे, पाहुण्यांशी बोलतात तसे. अण्णा मात्र आल्यागेल्याला सांगायचे, "पोरगा शिडाच्या होडीत एक नंबर होता. माझ्या येडपटपणानं त्याचं नुकसान झालं." लोक हसायचे. अण्णाही हसायचे. आई तेवढ्यात उठून आत जायची.

अण्णा एका सकाळी फिरून आले, पायरीवर बसले आणि तिथंच गेले. दादाला यायला उशीर झाला. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आम्ही तिघंच घरात राहिलो. दुपारी आई मेथी निवडत होती, मी तिच्याजवळ बसले होते. दादा दारात उभा होता. तो एकदम म्हणाला, "मला जाणवला होता."

"काय?" मी विचारलं.

"धक्का. मोठ्या शिडाची दोरी माझ्याच हातात होती. दांडा कुठं टेकला की दोरीतून कळतं. मला कळलं होतं की आपण बोयाला लागलो. वाटलं, कुणी पाहिलं नाही. पुन्हा वळसा घातला असता तर ते पुढं गेले असते."

मी विचारलं, "मग त्या दिवशी साहेबांना तसं का नाही म्हणालास?"

"अण्णा एवढ्या आनंदानं सांगत होते. माझ्या तोंडून हो निघेना. अन् नाही म्हणणंही जमेना. मग त्यांच्यावर ढकललं. जिंकणं सोडलं तर ते फिटेल असं वाटलं." तो खाली बसला. "आधी राग होता, मग लाज वाटायला लागली. दर वेळी येताना ठरवायचो, या खेपेला सांगू. इथं आलं की ते विचारायचे, जेवलास का, झोप झाली का. राहून जायचं."

आईचे हात थांबले होते. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "ते सगळ्यांना काय सांगायचे, तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"माहीत होतं."

"तुझ्यासमोर सांगायचे?"

"एकदा सांगितलं होतं. मामा आले होते तेव्हा."

"आणि तू?"

आईनं मेथीच्या काड्या गोळा केल्या, ताट उचललं आणि आत गेली. थोड्या वेळानं चुलीवर फोडणी पडल्याचा आवाज आला. तिनं आतूनच त्याला जेवायला हाक मारली, रोजच्यासारखी, आणि तो उठून पाटावर जाऊन बसला. तिनं त्याला वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता, आणि आई त्याच्यासमोर भिंतीला टेकून त्याचं जेवण होईपर्यंत बसून राहिली.