तीन पंचवीसला पडलेलं कार्ड

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. गेज लावून माप मिळालं तरच खरं, असा स्वभाव. आमच्या चऱ्होलीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्यात आधी मी हसायचो, आणि त्यापायी आईच्या शिव्याही खाल्ल्यात. तरी इथे लिहितोय, कारण इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणी शेवटपर्यंत ऐकूनच घेतली नाही.

एक्याऐंशी सालचा ऑक्टोबर, दिवाळीआधीचा गुरुवार. आमच्या पिंपरीच्या कंपनीत एक जर्मन इंजिनिअर दोन वर्षं होता. जाताना तो त्याचा विंडसर्फिंगचा बोर्ड मला आणि फायबर शॉपच्या मिलिंदला देऊन गेला. आम्ही त्याला शिडाची फळी म्हणायचो. फळीवर उभं राहायचं, शिडाची दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि वाऱ्याबरोबर जायचं. पवना धरणाच्या काठावर होडीवाल्या बबनमामांच्या झोपडीत ती ठेवलेली असे. मी दहा वेळा पडायचो. मिलिंद मात्र जन्मापासून तिच्यावरच उभा असल्यासारखा जायचा.

त्या दिवशी मला सुट्टी होती, त्याला मात्र ओव्हरटाइमसाठी साडेतीनच्या शिफ्टला बोलावलेलं. "दोनला निघू राव, लेट मार्क नको," असं धरणाकडे जाताना स्कूटरवरच म्हणाला. आमच्यात एक रिवाज होता... चुकीचा, पण सगळेच पाळायचे. एकाला उशीर झाला की दुसऱ्याने त्याचं हजेरीचं कार्ड घड्याळात मारायचं. मिलिंदचं कार्ड फक्त मी मारायचो. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे.

एकच्या सुमारास वारा वाढला. मिलिंदचं निळं शीड डोंगराच्या सोंडेमागे गेलं आणि परत आलंच नाही. हाका मारून घसा बसला. काठाने जमेल तेवढा चाललो, पुढे कडा होता. बबनमामा जाळी टाकून आले ते चारला. म्हणाले, "पल्याड लागला आसंल. तितनं दुधाची गाडी जाती." तेव्हा मला शिफ्ट आठवली. धरणाच्या ऑफिसातून कंपनीच्या टाइम ऑफिसला फोन लावला.

"आलाय की," टाइमकीपर म्हणाला, "तीन पंचवीसला कार्ड पडलंय त्याचं."

इतकं हायसं वाटलं की रागच आला. मला काठावर बोंबलत ठेवून हा गडी शिफ्टला पोचला होता! त्याचं कार्ड माझ्याशिवाय कुणी मारत नाही, मी तर इथे — म्हणजे तो स्वतःच गेला. हिशोब पक्का होता. त्याला डोळ्यांनी पाहिलंस का, हे मी विचारलंच नाही.

मामा होडीपाशीच उभे होते. "घालू का होडी? सोंडंमागं बगून येतो. उजेड हाय आजून."

"नको मामा. पोचलाय तो कंपनीत."

हे मी बोललो. मीच.

सकाळी त्याची बायको, प्रमिलावहिनी, दारात उभी. संत तुकाराम नगरात आम्ही शेजारीच राहायचो. "भाऊजी, हे रात्री आलेच नाहीत. तिसरी शिफ्टपण धरली का?"

फळी सोंडेमागे सापडली. शिडाचा खांब निखळलेला, आणि त्याला मिलिंदने आपला शर्ट बांधलेला, कुणाला तरी दिसावा म्हणून. तो स्वतः दुसऱ्या दिवशी पाण्यात सापडला. पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी म्हणाली, "दिवेलागणीपातुर कुनीतरी हाका मारत व्हतं. आमाला वाटलं गुरं वळतोय."

कंपनीत चौकशी झाली. सुपरवायझर म्हणाला, तो कामावर दिसलाच नाही. कार्ड होतं म्हणून वाटलं, बसला असेल कुठेतरी. कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. इन — तीन पंचवीस. आणि आउट — सहा वीस. साडेतीनच्या शिफ्टमधून सहा वीसला कुणी सुटत नाही. त्या दिवसांत दिवेलागण मात्र त्याच सुमाराला व्हायची.

मामांची होडी सोंडेमागे अर्ध्या तासात पोचली असती.

कुणीतरी मारलं असेल कार्ड, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. एकेकाला गाठून विचारलं, पाया पडलो, रिटायर झाल्यावरही घरी जाऊन विचारलं. आता खोटं बोलून कुणाला काय मिळणार? सगळ्यांचं एकच उत्तर — आम्हाला वाटलं, तूच कुणाला तरी सांगून ठेवलं असशील.

मिलिंदच्या नावाने वंदना ठेवली होती, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींना सगळं सांगितलं. होडीचं, फोनचं, कार्डाचंही. वाटलं, शिव्या देतील, तोंडात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कंपनीपर्यंत आले होते ना, भाऊजी? तिथून घर दहा मिनिटांवर... मग घरी का नाही आले?"